तक्त्यातली पटकी आणि टाकीतली टीसीएल

पाण्यातून पसरणारे रोग आपल्या शालेय विज्ञानात कोठे शिकवले जातात, असे विचारले तर बहुतेक शिक्षक आठवीच्या पुस्तकाकडे बोट दाखवतील. ते बरोबरही आहे. पण बारकाईने पाहिले तर हा विषय चार धड्यांत विभागलेला आढळतो. २०१८ साली लागू झालेल्या इयत्ता आठवीच्या पुस्तकात 'आरोग्य व रोग' हा धडा आहे. त्यात पटकी, विषमज्वर, अतिसार, कावीळ इत्यादी रोगांचा तक्ता येतो. त्याच्या आदल्या वर्षी लागू झालेल्या नववीच्या पुस्तकात 'आम्ल, आम्लारी व क्षार' हा धडा पीएच श्रेणी शिकवतो आणि नित्याच्या वापरातील पदार्थांच्या धड्यात विरंजक चूर्णाची गाठ पडते. दहावीच्या दुसऱ्या भागात 'सूक्ष्मजीवशास्त्राची ओळख' होते. हे चारही धडे शेजारी शेजारी ठेवून वाचले तर काय दिसते, ते शिक्षकांपुढे मांडावे, हा या लेखाचा हेतू आहे.

आरंभीच सांगितले पाहिजे की ही पुस्तके वाईट नाहीत. एका पिढीपूर्वीच्या पुस्तकांशी तुलना केली तर चित्रे अधिक स्पष्ट आहेत, भाषा सोपी आहे, कृती पुष्कळ आहेत. रोगांच्या तक्त्यात रोगकारक, संसर्गाचे माध्यम, लक्षणे, प्रतिबंध व उपचार अशी सुटसुटीत विभागणी आहे. परीक्षेच्या आदल्या रात्री तक्त्याइतका उपयोगी मित्र दुसरा नाही.

आमची तक्रार तक्त्याबद्दल नाही. तक्ता जेथे संपतो तेथेच विषय संपला असे जे मानले जाते, त्याबद्दल आहे. तक्त्यातील प्रत्येक रकाना हे एका प्रश्नाचे उत्तर असते. उत्तर छापले गेले आणि प्रश्न मात्र मागे राहिला, असे या चार धड्यांत वारंवार घडले आहे. ते कसे, हे पाहण्यासाठी सोलापूर जिल्ह्याइतके योग्य ठिकाण सापडणार नाही. आषाढी वारीच्या निमित्ताने दरवर्षी लाखो माणसे या जिल्ह्यातून पायी जातात. नातेपुते, माळशिरस, वेळापूर, भंडीशेगाव, वाखरी अशा मुक्कामाच्या गावांत एका दिवसासाठी गावाच्या कितीतरी पट वस्ती उतरते. प्रत्येकाला पाणी लागते आणि प्रत्येकाला शौचाला जावे लागते. चारही धडे येथे एकाच वेळी परीक्षेला बसतात.

'दूषित', पण कशाने?

तक्त्यातील पहिला रकाना आपण संसर्गाच्या माध्यमाचा घेऊ. पटकी कशामुळे पसरते? 'दूषित अन्न व पाणी' हे उत्तर प्रत्येक विद्यार्थी देतो. कशाने दूषित, असे पुढे विचारले की वर्गात बहुधा शांतता पसरते. कोणी 'कचऱ्याने' म्हणतो, कोणी 'मातीने', कोणी 'रसायनांनी'. खरे उत्तर मानवी विष्ठेने, हे आहे. ते उच्चारायला आपण शिक्षकही संकोचतो. पटकीचा जंतू रोग्याच्या आतड्यात वाढतो, मलावाटे बाहेर पडतो आणि पाण्यावाटे दुसऱ्याच्या तोंडात जातो. ही साखळी एकदा सरळ शब्दांत सांगितली की शौचालय, हात धुणे, विहिरीचा कठडा, गळकी जलवाहिनी या सगळ्या गोष्टी पाठ कराव्या लागत नाहीत. त्या आपोआप सुचतात. 'दूषित' या सभ्य शब्दाने मात्र साखळीची पहिलीच कडी झाकली जाते.

इतिहासात ही कडी सापडायला फार काळ लागला. १८१७ साली बंगालमध्ये उसळलेली पटकीची साथ १८१८ मध्ये दख्खनेत पोहोचली आणि पंढरपूरच्या यात्रेत तिने हाहाकार माजवला. पुढे शंभर वर्षे इंग्रज सरकारचे आरोग्य अधिकारी यात्रेकरूंकडे रोगाचे वाहक म्हणून पाहत राहिले. १८६६ साली कॉन्स्टँटिनोपल येथे भरलेल्या आंतरराष्ट्रीय परिषदेतही यात्रांवरच बोट ठेवले गेले. गर्दीमुळे रोग पसरतो हे त्यांचे निरीक्षण खरे होते. पण गर्दीतून तो नेमका कोणत्या वाटेने जातो, हे कळल्याशिवाय त्या निरीक्षणातून बंदी आणि अडवणूक यांपलीकडे फारसे काही निघत नव्हते. लंडनमध्ये जॉन स्नो याने १८५४ साली एका पंपाभोवतीचे मृत्यू मोजून पाण्याकडे बोट दाखवले होते. रॉबर्ट कॉख याने १८८४ साली कलकत्त्यात रोग्यांच्या आतड्यात आणि आसपास साथ चालू असलेल्या एका तळ्याच्या पाण्यात तोच स्वल्पविरामासारखा वाकडा जंतू दाखवला. तेव्हा कोठे साखळी पुरी झाली.

आपल्या गावांकडे याच काळात दुसरी एक समजूत होती. साथ आली की मरीआईचा गाडा ओढत गावाच्या वेशीबाहेर नेत आणि पुढच्या गावाच्या शिवेवर सोडून येत; मग ते गाव तो आणखी पुढे नेई. आज आपण याला अंधश्रद्धा म्हणून मोकळे होतो. पण त्यात एक निरीक्षण दडलेले आहे: रोग रस्त्याने, एका गावाहून दुसऱ्या गावी प्रवास करतो. ते खरे होते. चुकत होते ते वाहनाबद्दल. रोग गाड्यातून जात नसे, गाड्याबरोबर चालणाऱ्या माणसांच्या पोटातून जात असे. शिवाय गाडा वेशीबाहेर गेल्याने काम झाले की नाही, हे तपासण्याचे साधन कोणाजवळ नव्हते. हा शेवटचा मुद्दा वाचकांनी लक्षात ठेवावा. पुढे तो पुन्हा लागणार आहे.

गाडगेबाबांनी पंढरपुरात खराटा हाती घेतला तेव्हा त्यांनी सूक्ष्मदर्शकाचे नाव काढले नाही, पण त्यांचा खराटा साखळीच्या योग्य कडीवर पडत होता. अलीकडे वारीच्या मार्गावर निर्मल वारीची फिरती शौचालये उभी राहतात, तीही त्याच कडीवर. माध्यमाच्या रकान्यात यांना जागा नाही, कारण तेथे पाण्याचा उल्लेख आहे, पाण्यापर्यंतच्या वाटेचा नाही.

जंतू दिसला म्हणजे रोग झाला?

दुसरा रकाना रोगकारकाचा. येथे 'व्हिब्रिओ कॉलरी' हे नाव असते आणि विद्यार्थी ते घोकतो. नाव आवश्यक आहे, पण ते एकटे दिले की एक चुकीची कल्पना मनात बसते: जंतू पोटात गेला की रोग होणारच. तसे असते तर १८९२ साली म्यूनिकचे प्राध्यापक माक्स फॉन पेटेनकोफर जिवंत राहिले नसते. कॉखचा सिद्धांत अमान्य असल्यामुळे त्यांनी पटकीच्या जंतूंचे द्रव सर्वांसमक्ष पिऊन दाखवले. त्यांना किरकोळ जुलाबांपलीकडे काही झाले नाही. यावरून जंतू निरुपद्रवी ठरत नाही. रोग होण्यासाठी जंतूखेरीज आणखी काय लागते, हा प्रश्न मात्र उभा राहतो.

त्यातील एक गोष्ट म्हणजे जंतूंची संख्या. आणि येथे नववीचा आम्लांचा धडा एकदम जिवंत होतो. आपल्या जठरात हायड्रोक्लोरिक आम्ल असते. रिकाम्या पोटी तेथील पीएच १ ते २ च्या आसपास असतो. पटकीचा जंतू आम्लाला फार नाजूक आहे. जठर पार करेपर्यंत त्यातील बहुसंख्य मरतात. म्हणून निरोगी माणसाला रोग व्हायला जंतूंची प्रचंड संख्या पोटात जावी लागते. अमेरिकेत १९७० च्या सुमारास स्वयंसेवकांवर झालेल्या प्रयोगांत असे दिसले की जंतूंबरोबर सोडियम बायकार्बोनेट, म्हणजे आपला खाण्याचा सोडा दिला, तर रोगासाठी लागणारी संख्या हजारो पटींनी घटते. सोड्याने आम्लाचे उदासिनीकरण झाले आणि पहारेकरी झोपी गेला. याउलट रक्ती आव घडवणारा शिगेला हा जंतू आम्लात चांगला तग धरतो. त्याचे दहा ते शंभर जंतूही पुरतात. त्यामुळे पटकी मुख्यतः पाण्यातून फैलावते, तर शिगेला न धुतलेल्या हातांवरूनही घरभर फिरतो. एकाच तक्त्यातील दोन ओळींत हा फरक का, याचे उत्तर दुसऱ्या इयत्तेच्या पुस्तकातील आम्लाच्या धड्यात आहे.

खाण्याचा सोडा आणि विरंजक चूर्ण नववीच्या एकाच धड्यात आहेत. एक पटकीच्या जंतूला वाट करून देतो, दुसरे त्याला मारते. शिक्षकाने एवढे एक वाक्य जोडले तर तो धडा विद्यार्थी सहसा विसरणार नाहीत.

दहावीच्या 'सूक्ष्मजीवशास्त्राची ओळख' या धड्याबद्दल येथेच थोडे बोलू. त्याचा भर सूक्ष्मजीवांच्या औद्योगिक उपयोगांवर आहे: दही, पाव, व्हिनेगर, विकरे, प्रतिजैविके, जैवइंधने. सूक्ष्मजीव म्हणजे रोग, हा आपल्या मनातला समज दूर करण्यासाठी हे स्वागतार्हच आहे. पण वाढीचा वेग, अन्नाची मर्यादा, तापमान, पीएच या सूक्ष्मजीवांच्या जीवनाच्या मूलभूत अटी मांडल्या असत्या तर दह्याचे विरजण, सांडपाण्याची टाकी आणि रोग्याचे आतडे या तीन ठिकाणी एकच शास्त्र चालते, हे दिसले असते. सध्या ओळख होते ती उत्पादनांच्या यादीशी.

विरंजक चूर्ण म्हणजेच टीसीएल

आता प्रतिबंधाचा रकाना. आमच्या मते सर्वांत जास्त नुकसान येथे झाले आहे.

ग्रामपंचायतीच्या टाकीत पांढरी पूड टाकतात, तिला गावात लहानथोर सगळे 'टीसीएल' म्हणतात. पुस्तकात ती 'विरंजक चूर्ण' या नावाने येते. दोन्ही एकच, हे सांगणारा कोणी भेटला नाही तर विद्यार्थ्याच्या डोक्यात दोन वेगळे पदार्थ राहतात: एक परीक्षेचा, एक गावाचा. सोलापूरच्या मुलांना तिसरी ओळखही देता येते. टॉवेल-चादरींच्या धंद्यात सूत पांढरे करायला हायपोक्लोराइट किंवा हायड्रोजन पेरॉक्साइड वापरतात. सुतातील रंगद्रव्याचे ऑक्सिडीकरण करणारा हायपोक्लोराइट आणि जंतूच्या शरीरातील प्रथिनांचे ऑक्सिडीकरण करणारा हायपोक्लोराइट हा एकच गडी आहे.

या रकान्यात 'पाण्याचे निर्जंतुकीकरण करावे' असे वाचले की विद्यार्थ्याला ते बटण दाबल्यासारखे वाटते. प्रत्यक्षात येथे चार प्रश्न उभे राहतात आणि चारही रसायनशास्त्राचे आहेत.

पहिला प्रश्न, किती? ताज्या विरंजक चूर्णात वजनाच्या सुमारे ३३ टक्के उपलब्ध क्लोरीन असतो. हजार लिटर पाण्याला अडीच ग्रॅम चूर्ण, हा सर्वसाधारण हिशोब सार्वजनिक आरोग्याच्या पुस्तकांत आढळतो. त्यातून दर लिटरला सुमारे ०.८ मिलिग्रॅम क्लोरीन मिळतो. पण पोते उघडे राहिले, ओल लागली, ऊन लागले की हवेतील कार्बन डायऑक्साइडमुळे चूर्ण हळूहळू विघटित होते. तो उग्र वास म्हणजे निसटून चाललेला क्लोरीनच. समजा ते १५ टक्क्यांवर आले. मग तितक्याच चूर्णातून लिटरमागे जेमतेम ०.४ मिलिग्रॅम क्लोरीन मिळेल. पाण्यातील सेंद्रिय घाण, अमोनिया, लोह हे जंतूंच्या आधी क्लोरीन खाऊन टाकतात. याला पाण्याची क्लोरीन-मागणी म्हणतात. ती लिटरला ०.५ मिलिग्रॅम असेल तर ताज्या चूर्णाचा ०.३ मिलिग्रॅम क्लोरीन शिल्लक राहील आणि जुन्याचा काहीच राहणार नाही. पहिल्या दिवशी आणि दुसऱ्या दिवशी टाकलेली पूड दिसायला तेवढीच, नोंदवहीतील वाक्यही तेच. पाणी मात्र एकदा सुरक्षित, एकदा असुरक्षित. हे त्रैराशिक सातवीचा विद्यार्थीही सोडवू शकतो.

दुसरा प्रश्न, किती वेळ? क्लोरीन जंतूला भेटल्याबरोबर मारत नाही. पुरेसा क्लोरीन पाण्यात मिसळल्यावर निदान अर्धा तास, शक्यतो तासभर थांबावे लागते. टँकर भरला, वरून पूड टाकली आणि लगेच तोटी उघडली, तर हिशोब बरोबर असूनही काम होत नाही.

तिसरा प्रश्न, कोणत्या पाण्यात? क्लोरीन पाण्यात दोन रूपांत राहतो: हायपोक्लोरस आम्ल आणि हायपोक्लोराइट आयन. यांतील पहिले रूप विद्युतभाररहित असल्याने जंतूच्या पेशीत सहज शिरते. दुसऱ्यावर ऋणभार असतो आणि जंतूचे बाह्यकवचही ऋणभारितच असते. म्हणून ते बरेच दुबळे ठरते. पीएच ६.५ असेल तर सुमारे नव्वद टक्के क्लोरीन पहिल्या रूपात असतो, ७.५ ला निम्मा-निम्मा, ८.५ ला जेमतेम एक दशांश. दख्खनच्या काळ्या पाषाणातील विहिरींचे पाणी बहुधा किंचित आम्लारिधर्मीच असते. म्हणजे नववीच्या मुलांनी लिंबाच्या रसावर आणि साबणाच्या पाण्यावर घासून पाहिलेली पीएच पट्टी गावच्या विहिरीवर नेली, तर तेथे किती वेळ थांबावे लागेल याचा अंदाज ती देऊ शकते. धड्यात पीएच ही पदार्थांना लावायची खूणचिठ्ठी होऊन बसली आहे. तिच्यावर काय अवलंबून असते, ते समोर येत नाही. पावसाळ्यातील गढूळपणाचेही तसेच. मातीच्या कणांआड जंतू लपतात, म्हणून आधी पाणी निवळून घ्यायचे.

चौथा प्रश्न, कशावरून? हाच सर्वांत महत्त्वाचा. क्लोरीन टाकला, वेळ दिला, मागणी भागली. आता शेवटच्या नळाला थोडा मुक्त क्लोरीन शिल्लक आहे ना, हे पाहायचे. भारतीय मानकाप्रमाणे तो लिटरला किमान ०.२ मिलिग्रॅम हवा. विषाणूंपासून संरक्षण हवे असेल तर ०.५. महाराष्ट्राच्या खेड्यापाड्यांत यासाठी 'ओटी टेस्ट' करतात. ऑर्थोटोलिडीनचे थेंब टाकले की क्लोरीन असलेले पाणी पिवळे होते आणि रंगाच्या गडदपणावरून प्रमाण कळते. मुक्त क्लोरीनचा पिवळा रंग काही सेकंदांत येतो, म्हणून रंग लगेच वाचायचा. अमोनियाशी जोडला गेलेला क्लोरीन सावकाश रंग देतो आणि फसवतो. ऑर्थोटोलिडीन आरोग्याला घातक असल्याने अनेक ठिकाणी त्याची जागा दुसऱ्या रसायनांनी घेतली आहे, पण तत्त्व तेच.

आता मरीआईच्या गाड्याकडे परत जाऊ. 'टाकीत टीसीएल टाकली' एवढीच नोंद आणि 'गाडा वेशीबाहेर नेला' हे समाधान, यांत फरक कोणता? पहिल्यात रसायन आहे आणि दुसऱ्यात देवी, एवढ्यावर तो ठरत नाही. केलेल्या कृतीने काम झाले की नाही हे तपासले, तरच कृती विज्ञानात बसते. एरवी पांढरी पूडही अंगाऱ्यासारखी वापरली जाते. आपल्या तक्त्याने विद्यार्थ्याला उपायाचे नाव दिले आणि तपासणीचा प्रश्न दिला नाही. आमच्या टीकेचे सार एवढ्यात येते.

रकान्याबाहेरचे रोग

तपासणीची सवय नसली की उपायाच्या मर्यादाही कळत नाहीत. १९५५ च्या अखेरीस दिल्लीत यमुनेच्या पाण्यात शहराचे सांडपाणी उलटून मिसळले. जलशुद्धीकरण केंद्रातील लोकांनी ते ओळखले आणि क्लोरीन वाढवला. विषमज्वर आणि हगवण वाढली नाही. पण पुढच्या काही आठवड्यांत सुमारे २९,००० लोकांना कावीळ झाली. जीवाणू मेले, विषाणू मात्र निभावला. पुढे तो हेपॅटायटिस ई असल्याचे ठरले. 'जीवाणू' आणि 'विषाणू' हे तक्त्यातील शब्द एका गुणाच्या प्रश्नासाठी असतात असे वाटणाऱ्या विद्यार्थ्याला हे उदाहरण जरूर सांगावे.

दुसरे उदाहरण अगदी अलीकडचे. २०२५ च्या जानेवारीत पुण्यात सिंहगड रस्ता परिसरात गियाँ-बारे विकाराचे रुग्ण एकदम वाढले आणि एकूण आकडा दोनशेच्या वर गेला. या साथीतील पहिला संशयित मृत्यू सोलापुरात नोंदला गेला, तेव्हा सोलापूरकरही धास्तावले. हा विकार एकाकडून दुसऱ्याला होतो का, असे लोक विचारू लागले. तो तसा होत नाही. आतड्याच्या संसर्गाशी लढण्यासाठी शरीराने तयार केलेली शस्त्रे चुकून स्वतःच्या चेतातंतूंवर चालतात आणि हातपाय लुळे पडतात. पुण्यातील अनेक रुग्णांच्या मलात कॅम्पिलोबॅक्टर हा जंतू सापडला आणि संशयाची सुई पाण्याकडे वळली. म्हणजे विकार संसर्गजन्य नाही, पण त्याच्या मुळाशी असलेला संसर्ग पाण्यातून येऊ शकतो. 'संसर्गजन्य' आणि 'असंसर्गजन्य' अशा दोन कप्प्यांत शिकलेल्या मुलांना हे कोणत्या रकान्यात बसवावे, कळत नाही. साखळी शिकलेल्यांना ते कळते.

सोलापूर शहराचा आणखी एक धडा आहे. गेली अनेक वर्षे येथील घरांनी काही दिवसांआड येणारे पाणी पिंपात आणि हौदात साठवले आहे. नळाला पाणी नसते तेव्हा जलवाहिनीत दाब नसतो आणि फुटक्या सांध्यांतून बाहेरचे सांडपाणी आत शिरू शकते. पाणी घरात आल्यावर उघड्या पिंपातील क्लोरीन दिवसागणिक उडून जातो आणि डेंग्यूचा डास मात्र तेथे अंडी घालतो. शुद्धीकरण केंद्रातून निघालेले शुद्ध पाणी पाचव्या दिवशीच्या तांब्यात शुद्ध असेलच असे नाही. म्हणून नमुना तांब्यातून घ्यायचा, केंद्रातून नव्हे.

उपचाराच्या रकान्याबद्दल थोडक्यात. 'जलसंजीवनी द्यावी' हे वाक्य सर्वत्र असते. पटकीचा जंतू आतड्याला भोके पाडत नाही. त्याचे विष आतड्याच्या पेशींना क्षार आणि पाणी बाहेर ओतायला लावते. हे विष असल्याचा पुरावा कलकत्त्याच्या शंभुनाथ डे यांनी १९५९ साली दिला. पेशींची एक वाट मात्र त्या विषानंतरही चालू राहते: ग्लुकोजचा रेणू आत जाताना सोडियमला बरोबर नेतो आणि त्यांच्यामागे पाणी जाते. म्हणून साखर. ती ताकदीसाठी नाही, मिठाला आत नेण्यासाठी आहे. १९७१ साली बनगावच्या निर्वासित छावणीत दिलीप महालनोबीस यांनी शिरेतून द्यायचे द्रव संपत आल्यावर हेच मिश्रण पाजले आणि तीस टक्क्यांच्या घरातील मृत्यूचे प्रमाण चार टक्क्यांच्या खाली आणले. लिटरभर पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ हे प्रमाण घरोघरी ठाऊक आहे. प्रमाण का सांभाळायचे, हे मात्र सांगितले जात नाही. साखर जास्त झाली तर परासरणाने पाणी उलट आतड्यात ओढले जाते आणि जुलाब वाढतात.

शिक्षकांनी काय करावे?

यावर शिक्षकांचा आक्षेप आम्हांला ठाऊक आहे. अभ्यासक्रम मोठा, तासिका थोड्या, चार धडे वेगवेगळ्या इयत्तांत, जोडायचे केव्हा? आक्षेप खरा आहे. पाठ्यपुस्तक लिहिणाऱ्यांवरही पानांची मर्यादा असते, हे आम्ही मान्य करतो. पण जोडायला नवा धडा लागत नाही. एक प्रयोग पुरतो.

चार स्वच्छ बाटल्यांत सारखे पाणी घ्यावे. पहिली तशीच ठेवावी. दुसरीत चिमूटभर माती, तिसरीत चमचाभर वरणाचे पाणी घालावे. चौथी पहिलीसारखीच, पण तोंड उघडे ठेवून उन्हात ठेवावी. शिक्षकाने स्वतः विरंजक चूर्णाचे पातळ द्रावण करून निवळू द्यावे आणि प्रत्येक बाटलीत मोजून सारखेच थेंब टाकावेत. अर्ध्या तासाने प्रत्येकीतले थोडे पाणी परीक्षानळीत घेऊन त्यात पोटॅशियम आयोडाइडचे द्रावण, व्हिनेगरचे एक-दोन थेंब आणि भाताची पातळ पेज घालावी. क्लोरीन शिल्लक असेल तेथे आयोडीन मुक्त होऊन निळा रंग येईल. कोठे गडद, कोठे फिका, कोठे अजिबात नाही. मुलांनी कारणे शोधावीत. परीक्षानळीतले पाणी अर्थातच कोणी पिऊ नये. ग्रामपंचायतीकडून ओटी संच मिळाला तर जलसुरक्षकालाच वर्गात बोलवावे. तो रोज करतो ते काम मुलांना विज्ञान म्हणून दिसेल, आणि त्यालाही.

एक सावधगिरी मात्र हवीच. विरंजक चूर्ण आणि शौचालय साफ करण्याचे आम्लयुक्त द्रव कधीही एकत्र करू नयेत. त्यातून क्लोरीन वायू मोठ्या प्रमाणात निघतो आणि कोंदट न्हाणीघरात तो प्राणघातक ठरू शकतो. आम्लांच्या धड्यातील अभिक्रियांपैकी ही एक तरी प्रत्येक घरात माहीत असायला हवी.

परीक्षेच्या प्रश्नांतही थोडा बदल करता येईल. 'पटकीचा रोगकारक कोणता?' याऐवजी 'टाकीत टीसीएल टाकूनही गावात पटकीचे रुग्ण सापडले. चार संभाव्य कारणे लिहा' असे विचारून पाहावे. चूर्ण जुने होते, पाणी गढूळ होते, वेळ दिला नाही, टाकीच्या पुढे जलवाहिनी फुटली होती, रुग्ण बाहेरगावचे पाणी पिऊन आले होते: कोणतेही चार चालतील. अशा उत्तराला गुण देताना शिक्षकाला थोडा विचार करावा लागेल, आणि विद्यार्थ्याला त्याहून अधिक.

अभ्यासक्रम बदलत राहतो, पुस्तकेही बदलतील. नव्या पुस्तकांत तक्ता असावाच. पण त्याच्या शेवटी 'कशावरून?' असा एक रिकामा रकाना ठेवावा आणि तो मुलांनी आपापल्या गावच्या पाण्यावर भरावा, अशी आमची सूचना आहे. आज आठवीत असलेली मुले दहा वर्षांनी ग्रामसभेत बसतील. टाकीत टीसीएल टाकली, असे कोणी सांगितले की त्यांच्यापैकी एकाने तरी उठून विचारावे: शेवटच्या नळाला किती क्लोरीन निघाला?